अर्जाखालची सही

१७९७ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत इंग्लंडच्या लॉर्ड हाऊ या म्हाताऱ्या ॲडमिरलकडे अकरा अर्ज आले. वेगवेगळ्या युद्धनौकांवरच्या खलाशांनी ते पाठवले होते. भाषा अदबीची होती आणि मागणी एकच, पगार वाढवा. हाऊ तेव्हा पायाच्या दुखण्याने बेजार होऊन बाथ या गावी उपचार घेत होते. त्यांनी अर्ज चाळले. एकाखालीही सही नव्हती. मजकूर इतका सारखा होता की एकाच माणसाने बसून सगळे लिहिले असावेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी आरमारातल्या एका अधिकाऱ्याकडे विचारणा केली. खलाशांत नाराजी वगैरे काही नाही, असं उत्तर आलं आणि अर्ज बाजूला पडले.

त्यानंतर चार महिने जायच्या आत, ३० जून १७९७ला, थेम्स नदीच्या मुखाशी नांगरलेल्या ‘सँडविच’ नावाच्या जहाजावर रिचर्ड पार्कर या तीस वर्षांच्या खलाशाला फाशी देण्यात आली. खलाशांच्या बंडाचा तो ‘अध्यक्ष’ होता. बंडवाल्यांच्या हुकुमांखाली, परवान्यांखाली आणि पत्रांखाली त्याची सही होती.

सही नसलेला अर्ज कुणी वाचला नाही आणि सही करणारा माणूस जिवंत राहिला नाही. पार्करची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती यासाठी. आपल्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. पाण्याचा असो, कब्रस्तानच्या जागेचा असो, शाळेच्या शिक्षकाचा असो, निवेदन लिहून देणारा मिळतो. मागे उभे राहणारे शंभर मिळतात. पहिली सही कोण करणार, इथे येऊन गाडी अडते. लोक एकमेकांकडे बघतात. कुणाला सरकारी नोकरीतला मुलगा आठवतो, कुणाला पासपोर्टची चौकशी आठवते. याला भित्रेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ही भीती कुठून येते हे पार्करच्या आयुष्यात स्वच्छ दिसतं.

चौदा औंसांचा पौंड

त्या काळातल्या ब्रिटिश आरमारातल्या खलाशाची स्थिती आधी समजून घेऊ. तरबेज खलाशाला महिन्याला २४ शिलिंग मिळत, साध्या खलाशाला १९. हा पगार १६५०च्या दशकात ठरला होता. मध्ये जवळपास एकशे चाळीस वर्षं गेली, राजे बदलले, महागाई कुठल्या कुठे गेली, पगार तिथेच राहिला. तोही वेळेवर मिळत नसे. कित्येक जहाजांवर वर्षावर्षाची थकबाकी असे. १७९५ साली पायदळाचा पगार वाढवला गेला, तेव्हा खलाशांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं.

शिधा वाटताना जहाजाच्या कोठीवरचा पर्सर सोळा औंसांच्या पौंडाऐवजी चौदा औंसांचा पौंड मोजायचा. उरलेले दोन औंस ‘खराबी’च्या नावाखाली ठेवून घ्यायचा. ही चोरी नव्हती, रीतसर पद्धत होती. लढाईत जखमी होऊन पडलेल्या खलाशाचा पगार थांबायचा. बंदरात आल्यावरही किनाऱ्यावर उतरू देत नसत, कारण उतरलेला माणूस परत येईल याची खात्री नसे. ती कशी असेल? बरीच माणसं मर्जीने आलेलीच नव्हती. बंदराच्या गल्ल्यांतून आणि व्यापारी जहाजांवरून माणसं पकडून आणायच्या सरकारी टोळ्या होत्या.

हे वाचताना मुसलमान माणसाला सूरह अल-मुतफ्फिफीन आठवल्याशिवाय राहत नाही. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात अख्खी सूरह आहे. मजुराचा घाम आणि त्याची मजुरी याबद्दलची हदीस तर आपल्याकडे मदरशातलं पोरही सांगतं. मजुरी थकवणं आणि माप मारणं हे आपण व्यवहारातलं लबाडपण मानत नाही, गुनाह मानतो. इंग्लंडचे खलाशी ख्रिस्ती होते, त्यांनी ही सूरह ऐकलेली नव्हती. पण माप मारलं जातंय हे कळायला कुठल्याही धर्मग्रंथाची गरज पडत नाही. ताटात बघितलं की कळतं.

बत्तीस सह्या

१६ एप्रिल १७९७ला पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेड इथे उभ्या असलेल्या चॅनेल फ्लीटला समुद्रात निघायचा हुकूम झाला. खलाशांनी तो मानला नाही. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, देशावर स्वारी होईल अशी धास्ती होती आणि देशाची भिंत असलेलं आरमार जागचं हलेना.

या बंडाची शिस्त बघण्यासारखी होती. सोळा जहाजांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडले. हे बत्तीस जण ‘क्वीन शार्लट’ जहाजावर ॲडमिरलच्या खोलीत बसून ठराव करायचे. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या खलाशाला खलाशीच शिक्षा द्यायचे. फ्रेंच आरमार बाहेर पडलं तर आम्ही ताबडतोब लढायला निघू, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मागण्या मोजक्या होत्या: पगार, सोळा औंसांचा पौंड, बंदरात असताना ताजी भाजी, आजाऱ्यांची नीट देखभाल, जखमींना बरं होईपर्यंत पगार आणि किनाऱ्यावर उतरायची मुभा. मध्ये ‘लंडन’ या जहाजावर अधिकाऱ्यांनी गोळ्या चालवल्या आणि खलाशी मेले. ज्या लेफ्टनंटने गोळी झाडली त्याला लटकवायला लोक निघाले होते. खलाशांतल्याच काहींनी मध्ये पडून त्याला वाचवलं.

आता सह्यांकडे या. १८ एप्रिलला पार्लमेंटला जो अर्ज गेला त्याखाली बत्तीसही प्रतिनिधींच्या सह्या होत्या. व्हॅलेंटाइन जॉइससारखी काही माणसं पुढारपण करत होती, पण अध्यक्ष असा कुणी नव्हता. सरकारला पकडायला एक मान सापडेना. एकाला धरलं तर एकतीस उरतात आणि बत्तिसांना धरलं तर आरमार जातं.

शेवटी पार्लमेंटने पगारवाढीचा कायदा केला. राजाचा माफीनामा घेऊन जो माणूस खलाशांकडे आला तो लॉर्ड हाऊच होता, बिनसहीचे अर्ज बाजूला ठेवणारा. दुखऱ्या पायांनी तो म्हातारा जहाजामागून जहाज चढत गेला आणि सगळ्यांशी बोलला. खलाशांना नको असलेले पन्नासहून अधिक अधिकारी हटवले गेले. १५ मे रोजी मेजवानी झाली, बँड वाजला, जहाजं समुद्रात निघाली. एकालाही फाशी झाली नाही.

मिडशिपमन ते मास्तर, मास्तर ते खलाशी

रिचर्ड पार्कर हा १७६७ साली एक्सेटरमध्ये एका बेकरीवाल्याच्या घरी जन्मला. त्याला चांगलं शिक्षण मिळालं होतं. तरुणपणी आरमारात गेला आणि मिडशिपमन झाला, म्हणजे अधिकारी होण्याआधीच्या उमेदवारीच्या पायरीवर पोचला. १७९३ साली ‘अशुरन्स’ जहाजावर त्याने एक हुकूम नाकारला. स्वतःची झोपायची झोळी गुंडाळून वर डेकवर आणण्याचा साधा हुकूम होता. आपण मिडशिपमन आहोत, हे काम आपलं नाही, असं बहुधा त्याला वाटलं असावं. कोर्टमार्शल झालं आणि त्याला साध्या खलाशांत ढकललं गेलं. पुढच्या वर्षी तब्येतीच्या कारणावरून आरमारातून सुटका झाली.

मग तो स्कॉटलंडमध्ये शाळामास्तर झाला. ॲन ही त्याची बायको, तिथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी. मास्तरकीत पोट भरेना. कर्ज झालं आणि कर्जापायी तुरुंगात गेला. त्याच सुमारास सरकारने प्रत्येक परगण्याला आणि बंदराला आरमारासाठी ठरावीक माणसं देणं सक्तीचं केलं होतं. हा कोटा भरायला स्थानिक अधिकारी रोख बक्षीस देत, कर्जबुडव्यांना तुरुंगातून सोडवत. पार्करने ते पैसे घेतले, देणेकऱ्यांना दिले आणि दुसऱ्यांदा आरमारात गेला. या वेळी अगदी खालच्या पायरीवर.

त्याला पाठवलं गेलं थेम्सच्या मुखाशी, नोर इथे, ‘सँडविच’वर. हे जहाज जुनं, सडत आलेलं. नव्या भरतीची माणसं दुसऱ्या जहाजांवर पाठवण्याआधी इथे कोंबून ठेवत. जवळपास दीड हजार माणसं त्यावर होती. जहाजाच्या सर्जननेच मार्चमध्ये वरच्यांना लिहून कळवलं होतं की इतक्या गर्दीत रोगराई आटोक्यात येणार नाही. त्या लेखी तक्रारीनेही फारसं काही झालं नाही.

१२ मे रोजी बहुतेक कप्तान दुसऱ्या जहाजावर एका कोर्टमार्शलसाठी गेले होते. तेवढ्यात ‘सँडविच’वर तीन जयघोष झाले आणि बंड सुरू झालं. पार्करला या जहाजावर येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. बंड पेटवणाऱ्यांत मी नव्हतो, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं. तरीही काही दिवसांत प्रतिनिधींनी त्याला अध्यक्ष निवडलं.

त्यालाच का? ओळखपाळख फारशी नसलेला, दीड महिन्याचा नवखा. मला याचं उत्तर माझ्या आजोबांच्या गोष्टींत सापडतं. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडे गावागावांत घरटी एक पुरुष ‘जहाजावर’ असायचा. आजोबाही खलाशी होते आणि निरक्षर होते. ते सांगत, त्यांच्या जहाजावर शेजारच्या गावचा एकजण होता, त्याला सगळे मुन्शी म्हणायचे. सगळ्यांची घरची पत्रं तोच लिहायचा आणि आलेली तोच वाचून दाखवायचा. भाताच्या किंवा पगाराच्या तक्रारीचा विषय निघाला की सगळी माणसं मुन्शीकडे बघायची. आणि मुन्शी म्हणायचा, “लिहितो रे, पण साहेब माझं अक्षर ओळखतो.”

पार्कर हा ‘सँडविच’चा मुन्शी होता. त्याला लिहिता येत होतं, अधिकाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येत होतं. एकेकाळी मिडशिपमन असल्यामुळे त्याला त्यांचे रीतिरिवाज माहीत होते. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनी शाळा मिळालेल्याला पुढे केलं. यात कावा नव्हता, गरज होती. पण पुढे केलेला माणूस एकटा दिसतो, हेही खरं.

अध्यक्ष

नोरच्या खलाशांनी आठ कलमं मांडली. स्पिटहेडला मिळालं ते आम्हालाही मिळावं, हे पहिलं. मग समुद्रात निघण्याआधी थकबाकी मिळावी, हटवलेले अधिकारी आमच्या संमतीशिवाय परत आणू नयेत, लुटीतल्या रकमेचा वाटा न्यायाने व्हावा, पळून गेलेल्यांना माफी असावी, आरमारातल्या कठोर शिक्षांचे नियम सौम्य करावेत. एकेक कलम वाचलं तर त्यात अवाजवी काही नाही. पण सरकार आता आणखी द्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. स्पिटहेडचं मोठं आरमार परत कामाला लागलं होतं. आरमाराचे मंत्री लॉर्ड स्पेन्सर २८ मेला जवळच्या शीरनेस गावी आले. शरण या, माफी घ्या, एवढंच त्यांनी सांगितलं.

मे महिन्याच्या शेवटी ॲडमिरल डंकन यांच्या उत्तर समुद्रातल्या ताफ्यातली जहाजं यारमथहून येऊन बंडाला मिळाली. यातली एक गंमत अशी की ‘डायरेक्टर’ या बंडातल्या जहाजाचा कप्तान होता विल्यम ब्लाय. १७८९ साली ‘बाउंटी’वरून ज्याला खलाशांनी होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं होतं तोच ब्लाय. आठ वर्षांत दुसऱ्यांदा खलाशांनी त्याला जहाजावरून उतरवलं.

२ जूनपासून बंडवाल्यांनी थेम्सची वाहतूक अडवली. लंडनला जाणारी-येणारी व्यापारी जहाजं थांबवली. ज्यांना सोडायचं त्यांना परवाना दिला जाई आणि त्यावर सही असे: रिचर्ड पार्कर, अध्यक्ष.

ही अडवणूक मला बंडाची सर्वांत मोठी चूक वाटते. स्पिटहेडच्या खलाशांचं भांडण सरकारशी होतं आणि लोकांना ते पटत होतं. नोरच्या खलाशांनी लंडनच्या बाजारपेठेला हात घातला. ज्यांची सहानुभूती हवी त्यांच्याच पोटावर पाय पडला. काही दिवसांत त्यांनी ती ढिली केली, पण तोवर वातावरण उलटलं होतं. सरकारने जहाजांचा शिधा आणि पाणी तोडलं. बंडाला चिथावणी देणं हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरवणारा कायदा घाईने मंजूर केला. नदीच्या मुखातले वाटा दाखवणारे बोये काढून टाकले, म्हणजे जहाजांना बाहेर पडायचं म्हटलं तरी वाळूत रुतायची भीती. ही जहाजं शत्रूच्या बंदरात नेणार, अशा वावड्या उठल्या. गंमत म्हणजे ४ जूनला राजाच्या वाढदिवसाला याच जहाजांनी तोफांची सलामी दिली होती. राजाशी आमचं वैर नाही, प्रधानांशी आहे, हेच ते सांगू पाहत होते. ६ जूनला ‘मॉनमथ’चे कप्तान लॉर्ड नॉर्थेस्क यांच्या हाती त्यांनी थेट राजाकडे अर्ज पाठवला. तो नामंजूर झाला.

मग फूट पडली. ‘रिपल्स’ आणि ‘लेपर्ड’ ही जहाजं बंडातून निसटली, तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्यावर तोफा डागल्या. एकेका जहाजावरचा लाल बावटा उतरू लागला. सरकारने पार्करला पकडून देणाऱ्याला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जूनच्या मध्यावर ‘सँडविच’च्या खलाशांनीच त्याला अधिकाऱ्यांच्या हवाली केलं.

खटला

२२ जूनला ‘नेपच्यून’ जहाजावर कोर्टमार्शल सुरू झालं आणि २६ला संपलं. बाजू मांडायला वकील नव्हता, पार्कर स्वतःच उलटतपासणी करत होता. खटला चालवणारा होता ‘सँडविच’चा कप्तान, म्हणजे ज्याच्या हातून जहाज हिसकावलं गेलं तोच. पार्करचं म्हणणं होतं की मी लोकांना आवर घालत होतो, मी नसतो तर याहून वाईट झालं असतं. त्यात तथ्य असावं. दीड हजार संतापलेली माणसं आणि भरलेल्या तोफा असताना त्या महिनाभरात रक्तपात थोडाच झाला. पण न्यायाधीशांपुढे प्रश्न एवढाच होता की या कागदांवरचं नाव कुणाचं. ते नाकारायला जागा नव्हती.

३० जूनच्या सकाळी त्याला त्याच्याच जहाजावर आणलं. त्याने वाइनचा एक पेला मागितला. शिक्षा न्यायाची आहे असं तो म्हणाला आणि माझ्या मरणावर हे प्रकरण मिटावं, बाकीच्यांना सोडावं, अशी आशा त्याने बोलून दाखवली. मग इशाऱ्याच्या तोफेची वाट न पाहता स्वतःच पुढे उडी घेतली.

त्याचं अखेरचं पत्र म्हणून जे पुढे छापलं गेलं ते फार कडवट आहे. खालच्या लोकांच्या भानगडीत पडू नका, ते भेकड आणि कृतघ्न असतात, असा त्याचा सूर आहे. ते वाचून मला आधी राग आला होता. नंतर वाटलं, ज्यांच्यासाठी सही केली त्यांनीच हवाली केलेल्या माणसाने मरणाच्या दारात आणखी काय लिहावं? त्याचं म्हणणं मला मान्य नाही. ‘सँडविच’च्या खलाशांपुढे पाणी संपलेलं होतं, नवा कायदा होता, फासाचा दोर होता. पण त्याची जखम खरी आहे. आपल्याकडे वस्तीसाठी पुढे होऊन पोळलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. तीही असंच बोलतात.

ॲन

नवऱ्याच्या अटकेची बातमी कळताच ॲन स्कॉटलंडहून लंडनला आली. तिने राणीच्या नावाने दयेचा अर्ज दिला आणि उत्तराची वाट बघत बसली. उत्तर आलं नाही. मग ती रातोरात शीरनेसकडे निघाली. फाशीच्या सकाळी होडी करून ‘सँडविच’कडे जाण्याचा तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. पहारेकऱ्यांनी दर वेळी हुसकावलं, गोळी घालू म्हणाले. नवऱ्याला वर नेताना तिने लांबून पाहिलं.

तिने ॲडमिरलकडे मय्यत मागितली. नकार मिळाला. पार्करला आरमाराच्या नव्या दफनभूमीत पुरून टाकलं होतं. त्या रात्री ॲनने तीन बायकांना बरोबर घेतलं, उंच कुंपण ओलांडलं आणि हातांनी माती उकरून शवपेटी वर काढली. गाडी मिळवून ती आधी रॉचेस्टरला आणि मग लंडनला नेली. टॉवर हिलजवळच्या एका खानावळीत मय्यत ठेवली, तर बघायला गर्दी लोटली. गर्दीला सरकार घाबरलं. शेवटी व्हाइटचॅपल भागातल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात रीतसर प्रार्थना म्हणून पार्करला दफन केलं गेलं.

कफन-दफन नीट व्हावं, आपल्या माणसाला आपल्या हाताने माती देता यावी, ही आस काय असते हे आपल्या समाजात समजावून सांगावं लागत नाही. सरकारला मेलेल्या पार्करचीही भीती होती. त्याच्या बायकोला फक्त नवऱ्याची मय्यत हवी होती. या सगळ्या प्रकरणात निर्भेळ धाडसी माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी ॲनचं नाव घेईन. पुढे म्हातारपणी तिची नजर गेली आणि ती लोकांच्या मदतीवर जगली.

जे उरले ते

पार्करच्या आशेप्रमाणे प्रकरण त्याच्यावर मिटलं नाही. त्याच्यासह जवळपास तीस जणांना फाशी झाली. काहींना फटके, काहींना तुरुंग, काहींना ऑस्ट्रेलियात काळं पाणी. ११ ऑक्टोबरला डंकन यांच्या ताफ्याने कँपरडाउनच्या लढाईत डच आरमाराचा धुव्वा उडवला. लढणारे बरेचसे तेच होते जे जूनमध्ये नोरला बंडात होते. या विजयाच्या आनंदात राजाने उरलेल्या पुष्कळ कैद्यांना माफी दिली.

हद्दपार झालेल्यांत विल्यम रेडफर्न नावाचा एक तरुण सर्जन होता. आपसात आणखी एकजूट ठेवा, असं त्याने खलाशांना सांगितलं होतं. एवढ्यावर त्याला मृत्युदंड झाला, मग तो हद्दपारीवर आला. सिडनीत तो पुढे नामांकित डॉक्टर झाला. कैद्यांना आणणाऱ्या जहाजांवर माणसं रोगाने का मरतात यावर त्याने १८१४ साली अहवाल लिहिला आणि त्या प्रवासात पुढे सुधारणा झाल्या. आज सिडनीत रेडफर्न नावाचं उपनगर आहे. बंडात सापडलेला एक लिहिणारा माणूस जिवंत राहिला तर काय करू शकतो, हे त्यावरून दिसतं.

मुंबईच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटत असेल. फेब्रुवारी १९४६ मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’वर नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध हरताळ केला. तिथेही समिती निवडली गेली. तिथेही अध्यक्ष होता, सिग्नलमन एम. एस. खान, आणि उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. काँग्रेस आणि लीग दोघांच्याही नेत्यांनी शरण जायला सांगितलं. फाशी कुणाला झाली नाही, पण नोकऱ्या गेल्या आणि स्वतंत्र झालेल्या दोन्ही देशांनी त्यांना परत घेतलं नाही. खान यांचं नाव आज मुंबईत किती जणांना सांगता येईल?

पार्करला जिथे दफन केलं ते सेंट मेरी चर्च दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. आज तिथे बाग आहे. तिचं नाव अल्ताब अली पार्क. अल्ताब अली हा कपड्यांच्या कारखान्यात काम करणारा बंगाली मुसलमान तरुण. ४ मे १९७८ला कामावरून घरी जाताना वंशद्वेष्ट्यांनी त्याला तिथेच भोसकलं. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसं त्याच्या शवपेटीमागे चालत पंतप्रधानांच्या दारापर्यंत गेली आणि त्यांनी निवेदन दिलं. १७९७ साली ज्या रस्त्यावरून एका खलाशाची मय्यत लपतछपत न्यावी लागली, त्याच भागातून हा जनाजा उघड्यावर निघाला. निवेदन देणारे सात हजार होते. त्यांतल्या कुणा एकाला वेचून काढणं सोपं नव्हतं.

जुन्या काळी खलाशांची एक युक्ती होती. कप्तानाकडे तक्रार द्यायची असली की सह्या एकाखाली एक करायच्या नाहीत, गोल करायच्या. चक्राच्या आऱ्यांसारख्या. कागद फिरवत राहा, पहिली सही कुणाची ते कळत नाही. इंग्रजीत त्याला राउंड रॉबिन म्हणत. आज आपण तो शब्द क्रिकेटच्या सामन्यांसाठी वापरतो. स्पिटहेडच्या बत्तिसांनी आपल्या परीने तेच साधलं. नोरला ते जमलं नाही, तिथे एका माणसाचं नाव वर राहिलं.

पुढच्या वेळी वस्तीत निवेदनाचा कागद फिरेल तेव्हा मी हे सुचवणार आहे. मजकूर मधे लिहा आणि सह्या भोवती गोल करा. मुन्शीचीही त्यांतच कुठेतरी असू द्या.